घरातल्या म्हाताऱ्या माणसाची मेमरी पाच मिनिटांत कशी बघायची

मध्यंतरी आमचे नाना, म्हणजे सासरे, बुधवारच्या बाजारातून मेथीच्या दोन जुड्या घेऊन निघाले आणि मालेगाव स्टँडपाशीच उभे राहिले, घर कुठल्या बाजूला तेच सुचेना. अख्खं आयुष्य इथेच, नाशिकच्या पंचवटीत गेलेला माणूस! मग मी घरीच मिनी-कॉग घेतली, म्हणजे मेमरी बघायची एक छोटी टेस्ट, त्याला एक कोरा कागद आणि पेन पुरतं.

पण आधी कानाचं मशीन आणि चष्मा लावायला सांगा आणि टीव्ही बंद करा. मी हेच विसरले, मागे सिरीयल चालू, नानांना 'केळं'चं 'तळं' ऐकू आलं आणि मी उगाच घाबरले, दुसऱ्या दिवशी परत सगळं पहिल्यापासून. भिंतीवरचं घड्याळ दिसणार नाही असं बसवा. आणि परीक्षा हा शब्द काढूच नका, चहा झाला की सहज सुरू करा.

१. एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द सांगा, उदाहरणार्थ केळं, सूर्योदय, खुर्ची. लगेच त्यांच्याकडून म्हणवून घ्या. नाही जमले तर तीनदा सांगा, तरी नाही तर सरळ पुढे जा. नंतर विचारणार आहे हे सांगून ठेवा.

२. आता कागदावर मोठा गोल, त्यात घड्याळाचे आकडे त्यांनाच टाकू द्या, मग अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगा. खरी गंमत इथेच आहे. नानांनी आकडे अगदी सुबक टाकले, पण 'दहा' ऐकलं आणि काटा नेला थेट १० वर, हवा होता २ वर. काटा लहान की मोठा हे बघायचं नाही. तीन मिनिटांत झालं नाही तर सोडून द्या, आणि शेजारी बसलेल्यांनी कृपा करून खुणा करू नका.

३. लगेच ते तीन शब्द विचारा. हिंट नाही.

आठवलेल्या प्रत्येक शब्दाला १ मार्क, घड्याळ पूर्ण बरोबर तर २ नाहीतर ०, एकूण ५. तीनपेक्षा कमी आले तर डॉक्टरांना दाखवा. कमी मार्क म्हणजे डिमेन्शियाच (स्मृतिभ्रंश) असं नाही हां, बी१२ कमी असणं, थायरॉइड, डिप्रेशन, झोपेच्या गोळ्या यानेही असं होतं आणि त्यावर उपाय असतो. उलट मार्क चांगले आले पण पैशांचे घोळ, रस्ता चुकणं चालूच असेल तरी दाखवाच. एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागले तर मात्र टेस्टबिस्ट करत बसू नका, सरळ सिव्हिलला नाहीतर जवळच्या हॉस्पिटलला न्या.

शाळेत न गेलेल्या आजीला घड्याळ काढायला लावणं मला पटत नाही, तिने कधी पेनच धरलेलं नसतं. न शिकलेल्यांसाठी आपल्याकडे हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन नावाची वेगळी टेस्ट आहे, डॉक्टरांना तसं सांगा.

तो घड्याळाचा कागद फेकू नका, तारीख टाकून फाईलमध्ये ठेवा. आमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तोच मागितला.