घोडदौडीच्या खेळात हँडिकॅप रेटिंग कसं वाचावं

शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, पाहत वाढलेली आपल्या वऱ्हाडातली पोरं मोबाइलवर घोडदौडीचा खेळ खेळू लागली की बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडतं. पटात हिशेब सरळ असतो. ज्या जोडीनं कमी सेकंद घेतले, तिचा नंबर. इथे मात्र दोन शर्यती मारलेला घोडा तिसऱ्या शर्यतीत मागे पडतो आणि खेळच खोटा वाटायला लागतो. खेळ खोटा नसतो, घोड्याच्या पाठीवरचं वजन वाढलेलं असतं.

रेटिंग म्हणजे आधीच्या धावांवरून घोड्याला दिलेला अंक. हँडिकॅप शर्यतीत जास्त अंकाच्या घोड्याला जास्त वजन देतात, म्हणजे कमी अंकाच्या घोड्यालाही जिंकण्याची संधी राहते. भारतात एका अंकाला अर्धा किलो धरतात, ब्रिटनमध्ये एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. तुमचा खेळ कोणता नियम धरतो, ते सगळ्यात आधी त्याच्या माहितीच्या पानावर पाहून घ्या.

मग शर्यतीचा गट पाहा. समजा गट ४० ते ६६ रेटिंगचा आहे, नियम अर्ध्या किलोचा आहे आणि सगळ्यात वरच्या, ६४ रेटिंगच्या ‘पवन’वर ६० किलो आहेत. तुमच्या ‘चांदणी’चं रेटिंग ५२. फरक १२ अंकांचा, म्हणून तिच्यावर ६ किलो कमी, म्हणजे ५४. आता ४२ रेटिंगचा ‘वऱ्हाडी’ घ्या. हिशेबानं त्याच्यावर ४९ किलो यायला हवेत. पण खेळात किमान वजन ५० किलो असेल तर त्याला एक किलो फुकटचा वाहावा लागतो, म्हणजे धाव सुरू व्हायच्या आधीच दोन अंकांचं नुकसान. असा घोडा मी तरी त्या शर्यतीत उतरवत नाही, खालच्या गटाची वाट पाहतो.

वजनाचा परिणाम किती होतो, याचं ऑस्ट्रेलियातलं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. मेलबर्न कप ही १८६१ पासूनची हँडिकॅप शर्यत. १९३० साली फार लॅप हा घोडा सुमारे ६२.५ किलो घेऊन ती जिंकला. पुढच्या वर्षी त्याच्यावर ६८ किलो आले आणि तो आठवा आला. तुमच्या घोड्याचं रेटिंग चढलं की पुढच्या शर्यतीआधी हेच आठवा.

अंतराकडेही लक्ष द्या. घोड्याच्या एका अंगाच्या लांबीला ‘लेंग्थ’ म्हणतात. ब्रिटिश पद्धतीत एका लेंग्थचा फरक १००० मीटरला साधारण ३ पौंड वजनाइतका धरतात, १६०० मीटरला सुमारे २ पौंड आणि लांब पल्ल्याला त्याहूनही कमी. म्हणजे तेच जादा वजन लांब शर्यतीत घोड्याला जास्त लेंग्थ मागे ओढतं. घोड्यावर जास्त वजन आलं असेल आणि त्याच्यात वेग असेल, तर त्याला छोट्या शर्यतीत घाला.

पण खरं कसब आहे ते रेटिंगपेक्षा सरस घोडा ओळखण्यात. रेटिंग मागचं सांगतं, घोडा मात्र आज पळणार असतो. वयानं कमी, दर धावेत सुधारणारा किंवा आजवर चुकीच्या अंतरावर पळवलेला घोडा शोधा. त्याची आधीची प्रत्येक धाव उघडून बघा: किती वजन होतं, किती लेंग्थनं हरला, समोर कोण होते. ६० किलो घेऊन एका लेंग्थनं हरलेला घोडा ५२ किलोवर दुसऱ्या कुणाला हरवून आलेल्या घोड्यापेक्षा चांगला असू शकतो. काही जण रेटिंग पाडायला मुद्दाम हरतात. खऱ्या मैदानावर हा गुन्हा आहे, आणि खेळातही मला ते अजिबात पटत नाही.

शेवटी जॉकी निवडा. शिकाऊ जॉकी घेतला की वजनात सूट मिळते. ब्रिटनमध्ये ती ३, ५ किंवा ७ पौंड असते. घोडा शांत आणि सरळ पळणारा असेल तर ती घ्या. बिथरणाऱ्या घोड्यावर मात्र जुनाच, हात बसलेला जॉकी बसवा, वजन जास्त पडलं तरी चालेल.