घरात कुणाला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असेल तर स्वतःसाठी ग्रुप कसा शोधायचा आणि तिथे जाऊन नेमकं बोलायचं काय

आधीच सांगते, ही ग्रुप थेरपी पेशंटची नाही, पेशंटला सांभाळणाऱ्याची आहे. हे मुद्दाम सांगायचं कारण म्हणजे मी पहिल्यांदा गेले तेव्हा आईचे रिपोर्ट, गोळ्यांची यादी अशी सगळी फाईल काखोटीला मारून गेले होते, दहा मिनिटं तिच्याबद्दलच बोलत राहिले आणि मग थेरपिस्टनी विचारलं, आईचं समजलं, तुमचं काय? मला उत्तरच देता येईना. तीन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता.

तर पहिलं काम म्हणजे आपल्याला कुठला ग्रुप हवाय ते ठरवणं, कारण ग्रुप या एकाच नावाखाली बऱ्याच वेगळ्या गोष्टी चालतात. काही ठिकाणी नुसते माहितीचे वर्ग असतात, आजार काय, पुढे काय होणार, औषधं कुठली वगैरे. निदान नुकतंच झालं असेल तर तिथून सुरुवात करा. दुसरा सपोर्ट ग्रुप, तो बऱ्याचदा एखादा अनुभवी केअरगिव्हर, म्हणजे पेशंटला सांभाळणाराच चालवतो, कधीही जा कधीही या, ओळखी होतात, उपयोगी गोष्टी कळतात. आणि तिसरी खरी ग्रुप थेरपी, जी ट्रेनिंग घेतलेला सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर चालवतो, साधारण सहा ते दहा माणसं, दर आठवड्याला दीडेक तास, आठ-बारा सेशन ठरलेले आणि शेवटपर्यंत तीच माणसं. झोप उडाली असेल, सारखी चिडचिड होत असेल, बाथरूममध्ये जाऊन रडायची वेळ येत असेल तर माझ्या मते थेट या तिसऱ्याकडे जावं, अजून माहिती वाचून ते थांबत नाही.

आपल्याला गरज आहे की नाही हेच कळत नसेल तर झारिट नावाची एक प्रश्नावली आहे ती डॉक्टरांकडे मागा. २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ मार्क, एकूण ८८, आकडा जितका जास्त तितका भार जास्त. पण मार्कांपेक्षा प्रश्नच जास्त काम करतात. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, पेशंटजवळ असताना राग येतो का, असं कुणीतरी छापून ठेवलंय म्हणजे हे आपल्या एकटीचं नाही एवढं तरी समजतं.

ग्रुपचा पत्ता न्यूरोलॉजिस्ट, सायकियाट्रिस्ट किंवा डिमेन्शियासाठी काम करणाऱ्या संस्थांकडे मिळतो. नाव घालायच्या आधी एवढं विचाराच, चालवणाऱ्याचं शिक्षण काय, मधेच नवीन माणसं येतात का, बोललेलं बाहेर जाणार नाही हा नियम कसा पाळतात. आणि पेशंट ६५ च्या आतला असेल किंवा विसरण्यापेक्षा स्वभावच बदललाय असा फ्रंटोटेम्पोरल प्रकार असेल तर तसे अजून कुणी आहेत का हे पण विचारा, कारण नोकरी करणाऱ्या आणि मुलं शाळेत असलेल्या माणसाचे प्रश्न ८० वर्षांच्या आईच्या प्रश्नांसारखे नसतात.

नवरा-बायको आणि मुलं-सुना एकाच ग्रुपमध्ये असाव्यात का यावर मतं वेगळी आहेत. मला तरी मिक्स ग्रुपचा फायदाच झाला. आमच्याकडे बाबा दिवसभर आईशी वाद घालायचे, आज रविवार नाही सोमवार आहे, हे आपलंच घर आहे, आणि मी बाबांवर चिडायचे. ग्रुपमध्ये एक आजोबा होते, पत्नीला सांभाळणारे, ते म्हणाले की चाळीस वर्षं जिच्याशी भांडलो तिच्याशी भांडायचं सोडलं म्हणजे ती गेली हे मान्य केल्यासारखं होतं. त्या दिवशी घरी येऊन मी बाबांना काहीच बोलले नाही, शेजारी बसून राहिले फक्त.

आता सगळ्यात अवघड भाग, पेशंटजवळ बसणार कोण. इथेच निम्मी माणसं गळतात म्हणून याची तयारी किमान दोन-तीन आठवडे आधी सुरू करा. जो बसणार आहे त्याला आधी तुम्ही घरात असताना बोलवा, मग अर्धा तास बाहेर जाऊन या, मग एक तास. दर वेळी शक्यतो तोच माणूस आणि तीच वेळ. एका कागदावर लिहून द्या, टॉयलेटची वेळ, कशाने शांत होतात, कुठला विषय काढायचा नाही. बऱ्याच पेशंटची अस्वस्थता दुपार कलल्यावर वाढते, सनडाउनिंग म्हणतात त्याला, त्यामुळे सकाळचा ग्रुप मिळाला तर तोच घ्या. कुणीच मिळत नसेल तर ऑनलाइन करा, पण दुसऱ्या खोलीत दार लावून आणि हेडफोन घालून, कारण शब्द नाही कळले तरी आपल्या आवाजातला वैताग पेशंटला बरोबर कळतो.

पहिल्या दिवशी नाही बोललात तरी चालतं. बोलाल तेव्हा मात्र 'आई फार त्रास देते' असं नका सांगू, एकच प्रसंग घ्या आणि वार-वेळेसकट सांगा. मी सांगितलं होतं की गुरुवारी सकाळी आंघोळीला नेताना आई दारातच अडली आणि मला ढकललं. मग त्याच्या आधी काय झालं होतं, नेमकं कुठे थांबली, नंतर तुम्ही काय केलं असे प्रश्न आले आणि एकीनं विचारलं, खाली पायपुसणं कुठल्या रंगाचं आहे? गडद निळं होतं. या आजारात डोळ्यांना दिसलेल्याचा अर्थ लावणं पण बिघडतं आणि गडद चटई खड्ड्यासारखी वाटू शकते, हे मला माहीतच नव्हतं. पायपुसणं काढल्यावर दारातलं अडणं खरंच कमी झालं.

पण असल्या युक्त्या सपोर्ट ग्रुपमध्येही मिळतात. थेरपी ग्रुपला जायचं ते जे घरात बोलता येत नाही ते बोलायला. हात उगारला गेला, खोलीत कोंडून ठेवावंसं वाटलं, हे सगळं लवकर संपू दे असं मनात आलं. हे शेवटचं मी सहाव्या सेशनला बोलले आणि कुणी उपदेश केला नाही, दोघांनी नुसती मान हलवली. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात अशा दुःखावर काम सुरू केलं, त्याला नाव दिलं ॲम्बिग्युअस लॉस, म्हणजे माणूस समोर आहे पण आपल्याला माहीत होता तो नाही, रडायचं तरी कसं कारण गेलेलं तर कुणीच नाही. मला हे समजल्यावर निम्मा अपराधीपणा गळून पडला. एक मात्र लक्षात ठेवा, कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर थेरपिस्टला ते गुप्त ठेवता येत नाही, ती मर्यादा पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

जमलं तर भावा-बहिणींनाही फॅमिली काउन्सेलिंगला ओढून न्या. न्यूयॉर्क विद्यापीठात १९८७ पासून आपल्या जोडीदाराला सांभाळणाऱ्या ४०६ जणांवर एक मोठा अभ्यास झाला, त्यात ज्यांना वैयक्तिक आणि फॅमिली मिळून सहा काउन्सेलिंग सेशन, सोबत ग्रुप आणि लागेल तेव्हा फोनवर मदत असं सगळं मिळालं त्यांच्या पेशंटला नर्सिंग होममध्ये, म्हणजे तिकडच्या कायम राहायच्या देखभाल केंद्रात ठेवायची वेळ बाकीच्यांपेक्षा साधारण ५५७ दिवस उशिरा आली. म्हणजे ग्रुप एकटा पुरत नाही, घरच्यांची पण साथ लागते.

ग्रुप नाही आवडला तर तीन सेशन तरी द्या. कुणी सारखे सल्ले देत असेल, चमत्कारी औषध सुचवत असेल, किंवा शेवटच्या टप्प्यातलं ऐकून तुमची झोप जात असेल तर गप्प बसून गळू नका, थेरपिस्टला बाजूला घेऊन सांगा, ते सांभाळणं त्यांचं कामच आहे.

आणि काही गोष्टी ग्रुपसाठी थांबवायच्या नसतात. स्वतःला संपवावं असं मनात येत असेल किंवा पेशंटला इजा करून बसू अशी भीती वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पेशंट एक-दोन दिवसांत अचानक खूप गोंधळला, भलतंच बडबडायला लागला किंवा गुंगीत गेला तरीही तसंच करा, लघवीच्या इन्फेक्शननं पण असं होतं आणि त्यावर उपचार असतात.

शेवटचं म्हणजे सेशन संपल्या संपल्या घरी पळू नका. इतकं सगळं बाहेर काढल्यावर लगेच 'तू कोण' असं ऐकायची ताकद नसते, पंधरा मिनिटं तरी कुठेतरी बसा किंवा चाला, आणि घरी बसलेल्या माणसाला तेवढी जास्तीची वेळ आधीच सांगून ठेवा म्हणजे मधे फोन येत नाही.