लघुपटाची श्रेयनामावली : या चुका टाळा

विद्यार्थ्यांचे लघुपट मी दरवर्षी तपासतो. बारा मिनिटांच्या पटासाठी महिनाभर राबलेली मुले शेवटची श्रेयनामावली मात्र सादरीकरणाच्या आदल्या रात्री, कुठूनतरी उतरवून घेतलेल्या तयार टेम्प्लेटमध्ये नावे कोंबून उरकतात. नावे वाचता यावीत एवढेच तिचे काम असते, पण नेमके तेच राहून जाते.

फाँटची चूक सर्वांत महागात पडते. एका गटाने आपली नामावली घरच्या संगणकावर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेल्या फाँटमध्ये केली होती. आयत्या वेळी एक राहिलेले नाव घालण्यासाठी त्यांनी प्रकल्प आमच्या संकलन कक्षात उघडला, फाँट सापडत नसल्याची सूचना न वाचताच बंद केली, नाव टंकले आणि अंतिम व्हिडिओची फाइल निर्यात केली. शेवटचा दीड मिनिट कोणी पाहिलाच नाही. ज्या आजोबांनी चित्रीकरणासाठी तीन दिवस आपला वाडा मोकळा करून दिला होता, ते नातवाला घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. ‘विशेष आभार’ या शीर्षकाच्या जागी आणि त्याखाली त्यांच्या नावाच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे यांची खिचडी पडद्यावर सरकत गेली. नातवाने विचारले, “आबा, तुमचं नाव कुठंय?” तेव्हापासून मी मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांसारख्या युनिकोड फाँटखेरीज दुसरे काही स्वीकारत नाही. फाँटची फाइलही प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवायला लावतो.

जोडाक्षरे सुटी पडत असतील, तर दोष बहुधा फाँटचा नसतो. प्रीमिअर किंवा आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये प्रेफरन्सेसमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचे टेक्स्ट इंजिन, म्हणजे अक्षरे जुळवणारी यंत्रणा, निवडावे लागते.

टाइपरायटरसारखे एकेक अक्षर उमटवण्याचा मोह तर मुळीच नको, कारण तो परिणाम रोमन लिपीच्या हिशेबाने केलेला असतो. ‘दिग्दर्शन’ लिहिताना ‘र’ आधी पूर्ण उमटतो, मग त्याचा पाय मोडतो आणि पुढच्या क्षणी तो रफार होऊन ‘श’च्या डोक्यावर उडी मारतो. हालचाल हवीच असेल, तर ती शब्दाला किंवा ओळीला द्यावी. मी स्वतः संपूर्ण ओळ अर्ध्या सेकंदात हलकेच उजळवतो आणि तेवढ्यावर थांबतो.

वर सरकणारी नामावली थरथरते, ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता आधी गणिताची वही मागतो. समजा, मजकुराची पट्टी ३२४० पिक्सेल उंच आहे आणि पडदा १०८० पिक्सेलांचा. पट्टी पडद्याच्या खालून येऊन पूर्णपणे वर निघून जायची, म्हणजे तिला एकूण ४३२० पिक्सेल सरकायचे आहे. गाणे ४० सेकंदांचे आहे म्हणून विद्यार्थी तिला ४० सेकंदांत बसवतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर प्रत्येक फ्रेमला वाट्याला ४.३२ पिक्सेल येतात आणि या अपूर्णांकामुळेच अक्षरांच्या कडा लुकलुकतात. ओळींमधली जागा आवळून पट्टी २९२० पिक्सेलांवर आणली, की ४००० पिक्सेल १००० फ्रेममध्ये, म्हणजे फ्रेममागे नेमके ४ पिक्सेल सरकतात आणि गाणेही जिथल्या तिथे संपते. दोन्ही कीफ्रेम, म्हणजे हालचालीच्या आरंभाच्या आणि शेवटाच्या खुणा, सरळ, एकसमान गतीच्या ठेवाव्यात. आरंभी आणि शेवटी वेग मंदावणारा ‘ईज’ लावला, की हे सगळे गणित फुकट जाते. मोशन ब्लरने, म्हणजे हलणारी अक्षरे पुसट करणाऱ्या परिणामाने, थरथर झाकण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांची नामावली धूसर दिसते, एवढाच फरक पडतो.

मजकूर कडांपासून किमान दहा टक्के आत असावा, कारण प्रोजेक्टर कुठे कापेल याचा नेम नसतो. काळ्यावर गडद लाल अक्षरे टाळावीत. ‘आर्शिवाद’ नव्हे, ‘आशीर्वाद’. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याचे संगीत श्रेय देण्याच्या अटीवर घेतले असेल, तर संगीतकाराचे नाव आणि परवान्याचा प्रकार नामावलीत हवाच.

निर्यात झालेली फाइल मी विद्यार्थ्याला माझ्या शेजारी बसवून, प्रत्येक नाव मोठ्याने वाचत शेवटपर्यंत पाहायला लावतो. “सर, टाइमलाइनवर बघितलंय,” म्हणजे संकलन करतानाच पाहिले, असे जो म्हणतो, त्याला मी दोनदा वाचायला लावतो.