संडास तुंबला आणि रबरी पंप नाही? आधी चेंबर पाहा

भांडं तुंबलं की बादल्यांवर बादल्या ओतू नका. आधी बाहेर दोन शोषखड्ड्यांच्या अलीकडच्या चेंबरचं झाकण उचला. चेंबर भरलेलं असेल तर बहुधा खड्डा भरलाय. दुसरा रिकामा असेल तर चेंबरमधली वीट हलवून तिकडे पाणी वळवा. पावसाळ्यात काळ्या जमिनीत पाणी जिरत नाही, तेव्हाही असंच दिसतं.

चेंबर रिकामं असेल तर अडकलंय ते बहुधा भांड्याखालच्या वाकड्या नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये. वरचं पाणी डब्याने काढा. अर्धा कप भांडी घासायचं लिक्विड टाकून अर्धा तास थांबा, मग अर्धी बादली कोमट पाणी सोडा. उकळतं नको, चिनी मातीचं भांडं तडकतं.

आता जाड काठीच्या टोकाला जुन्या कपड्याचा नारळाएवढा बोळा सुतळीने आवळा, वरून प्लास्टिकची पिशवी बांधा. भोकात तो घट्ट बसला पाहिजे, बाजूने हवा निघाली तर दाब येतच नाही. 15-20 वेळा खालीवर करा. दाबताना हळू, ओढताना झटका. अडकलेलं सुटतं ते ओढण्याने. पाणी गुडगुडत खाली गेलं की कंबरेच्या उंचीवरून अर्धी बादली एकदम ओता.

तुराटी किंवा पऱ्हाटी खुपसू नका, आत मोडली की तीच अडकते. सब्बलीने ट्रॅप फुटतो. ॲसिडही नको, खड्ड्यात मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात.