साचलेल्या पाण्यातून आलात? आधी पाय बघा

पावसात गुडघाभर पाण्यातून घरी आलात की चहा नंतर, आधी साबणाने पाय धुवा, कोरडे करा आणि कुठे खरचटलंय का, टाचेला भेगा आहेत का ते बघा, कारण लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात येतात (उंदीर स्वतः ठणठणीत, त्याच्या किडनीत ते आरामात राहतात) आणि आपल्या अंगात शिरायला त्यांना एवढीशी जखम पुरते. जखम असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, गोळी स्वतःच मेडिकलमधून आणून खाऊ नका. ताप लगेच येत नाही, बहुतेकदा ५ ते १४ दिवसांनी येतो, तोवर आपण ते पाणी विसरलेलो असतो! म्हणून तापासोबत पोटऱ्या दुखल्या तर डॉक्टरांना पाण्यातून चाललेलो हे आठवणीने सांगा.