लहान होडीचा नांगर: निवडायचा कसा, टाकायचा कसा

पुण्याहून भिगवणला गळ टाकायला येणारे बरेच जण होडीत नांगर म्हणून एक धोंडा ठेवतात. सकाळी उजनीचं पाणी निपचित असतं तोवर धोंडा धरतो. दुपारी वारा सुटला की होडी धोंड्यासकट चालू लागते. माझी अशीच एकदा दुसऱ्याच्या जाळ्यात जाऊन अडकली. त्या जाळ्यावर एका घराचं पोट होतं. भरपाई दिली, पण उन्हात बसून फाटलेलं जाळं विणणारा तो माणूस अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आपल्या काळ्या दगडाचं वजन पाण्यात तिसऱ्या हिश्श्याने घटतं. 10 किलोचा धोंडा तळाशी जेमतेम साडेसहा किलोचा उरतो, आणि गुळगुळीत गाळावर तोही घसरतो. लोखंडाचं वजन आठव्या हिश्श्याइतकंच कमी होतं. पण खरा फरक वजनात नाही. मराठीत शेतातल्या आणि होडीतल्या नांगराला एकच शब्द आहे, आणि दोघांचं कामही तसंच चालतं: फाळ जमिनीत घुसला पाहिजे आणि ओढ आडवी लागली पाहिजे. वर उचललात की फाळ निघालाच.

आधी तळ बघा

शिशाच्या गोळ्याला खालून खळगा करून त्यात ग्रीस भरा, दोरीला बांधून तळाला टेकवा आणि वर घ्या. ग्रीसला काय चिकटलंय ते बघा. काळा मऊ गाळ, वाळू की नुसतेच खडे, ते लगेच कळतं. दोरी किती भिजली त्यावरून खोलीही समजते. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे साधारण 6 फूट.

गाळ किंवा वाळू असेल तर दोन पसरट पात्यांचा नांगर घ्या. पाती दांड्यापाशी हलतात, त्यामुळे कुठल्याही बाजूने पडला तरी टोकं खाली वळतात. 14 ते 16 फुटी होडीला 3-4 किलोचा पुरतो. बुडालेली झाडं, बांध, दगडी भिंती असतील तिथे मात्र चार आकड्यांचा, म्हणजे चार वाकड्या हुकांचा, नांगर बरा. उजनीच्या पाण्याखाली जुनी गावं आणि शेतं आहेत; पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तेव्हा तळाशी काय काय असेल याचा अंदाज येतो. असा नांगर वेल्डिंगवाल्याकडून 10-12 मिलिमीटरच्या सळईचा करून घ्या. भिंतीत अडकला तर जोर लावल्यावर आकडे वाकतात आणि नांगर सुटून येतो. मऊ गाळात मात्र तो नुसता रेघा ओढत जातो.

दोर नायलॉनचाच घ्या, 8 ते 10 मिलिमीटरचा. तो ताणला जातो, त्यामुळे लाटेचा हिसका होडीला बसत नाही. निळा-हिरवा स्वस्त प्लास्टिकचा दोर पाण्यावर तरंगतो, इंजिनाच्या पंख्यात जातो आणि उन्हाने सुटतो. नांगर आणि दोर यांच्यामध्ये 2-3 मीटर साखळी हवी. साखळीच्या भाराने नांगराचा दांडा तळालगत आडवा राहतो. ती टाळून पैसे वाचवू नका. साखळी, दोर, शॅकल (साखळी जोडायची पिनेची कडी) हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतं. शॅकलची पिन घट्ट करून वर तारेने आवळा, नाहीतर ती हळूहळू फिरून निघते.

टाकताना

दोराचं मागचं टोक आधी होडीला पक्कं बांधा. दोर वेटोळं करून ठेवा आणि त्यात पाय पडू देऊ नका.

जिथे थांबायचंय त्याच्या पुढे, वाऱ्याच्या तोंडावर जा. होडी पूर्ण थांबू द्या. मग नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून, नांगर हातात धरून सावकाश खाली सोडा. भिरकावला तर साखळी पात्यांत गुंतते. तळ लागला की वाऱ्याने होडीला मागे सरकू द्या आणि दोर सोडत राहा.

किती सोडायचा, यातच बहुतेकांची चूक होते. पाण्याची खोली आणि नाळेची पाण्यापासूनची उंची यांची बेरीज करा. शांत पाण्यात तिच्या पाचपट, वाऱ्यात सातपट दोर सोडा. 12 फूट पाणी आणि 2 फूट नाळ, म्हणजे 14; सातपट केले की 98 फूट. दोर आखडता घेतला की ओढ वरच्या दिशेने लागते आणि फाळ सुटतो.

आता नाळेच्या खुंटीला आठाचे वेढे घाला आणि होडीच्या ओढीने दोर हळूहळू ताणू द्या. ताणलेल्या दोरावर तळहात ठेवा. थरथर, खडखड जाणवली तर नांगर घसरतोय. दोर गच्च आणि शांत लागला की रुतला. त्यानंतर काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, समजा जवळची बाभळ आणि मागचा विजेचा खांब. त्या एकमेकींपासून सरकू लागल्या तर वाऱ्याने होडी नुसती फिरलीय की नांगर सुटलाय, ते दोराला हात लावून तपासा.

होडी कधीही मागच्या बाजूने नांगरू नका. मागची कड बुटकी असते, इंजिनाचं वजन तिथेच असतं, लाट थेट आत येते. अशाने होड्या बुडतात. दोर कापायला सुरी हाताशी ठेवा आणि लाइफ जॅकेट अंगातच असू द्या.

वळवाचे ढग दिसले तर नांगरावर भरवसा ठेवून थांबू नका, काठ गाठा. मे 2024 मध्ये याच जलाशयात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळात उलटली आणि 6 माणसं गेली.

काढताना दोर गोळा करत नांगराच्या अगदी डोक्यावर या. ओढ उभी झाली की तो आपसूक निघतो. भिंती-झाडांच्या जागी आधीच खबरदारी घ्या: साखळी नांगराच्या बुडाला, आकड्यांकडच्या टोकाला बांधा आणि दांड्याच्या कडीशी फक्त सुतळीने निरगाठ मारा. अडकलाच तर जोराने ओढा. सुतळी तुटते आणि नांगर उलटा होऊन मागून निघतो. घरी आल्यावर गाळ धुवा, दोर सावलीत वाळवा, आणि पुढच्या खेपेसाठी नवी सुतळी बांधून ठेवा.