क्रेडिट बिघडलंय आणि कार्ड हवंय: सोलापूरहून अमेरिकेत आलेल्या पोरांसाठी

थंडीचं जॅकेट कुठून घ्यायचं, तूरडाळ कुठं स्वस्त मिळते, सिमकार्ड कुठलं बरं, हे तुमचे रूममेट सांगतील. शेंगा चटणी तुम्ही आणलेलीच असणार. मी लिहितोय ते वर्ष-दीड वर्षानं "काका, कुठलंच कार्ड मिळेना" म्हणून फोन करणाऱ्यांसाठी.

पहिल्यांदा हे बघा की तुमचं क्रेडिट खराब आहे की मुळात नाहीच. अर्ज नाकारला तर बँकेला त्याची कारणं कळवावी लागतात, तसा कायदा आहे. ते पत्र फाडून टाकू नका, नीट वाचा. इतिहासच पुरेसा नाही असं लिहिलं असेल, तर तुम्ही उगाच घाबरलाय. इथला फायको स्कोर, म्हणजे बँका बघतात तो क्रेडिटचा आकडा, तयार व्हायलाच एखादं खातं किमान ६ महिने जुनं लागतं. गावाकडचा सिबिल (तिकडचा क्रेडिट स्कोर) चांगला असेल, तर अमेरिकन एक्सप्रेस 'नोव्हा क्रेडिट' या कंपनीमार्फत तिकडचा क्रेडिट इतिहास बघून अर्जाचा विचार करते. त्यांच्याकडे चौकशी करा, बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल.

पत्रात उशिरा भरलेली बिलं किंवा 'कलेक्शन' (थकलेलं बिल वसुली एजन्सीकडं जाणं) हा शब्द असेल, तर मात्र बसून घ्या.

एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन हे इथले क्रेडिट ब्युरो, म्हणजे तुमच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या. या तिन्हींचे रिपोर्ट ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉमवर दर आठवड्याला फुकट मिळतात. तिन्ही काढा, कारण एकात असलेली भानगड दुसऱ्यात असेलच असं नाही. नावं नीट तपासा. आपल्याकडं वडिलांचं नाव मधे असतं. कुठं ते लागतं, कुठं गळतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या काही तेलुगू घरांत तर आडनाव आधी लिहितात. मग एकाच माणसाची माहिती दोन नावांखाली विखुरते. चुकीची नोंद दिसली तर त्याच ब्युरोकडे तक्रार नोंदवा. त्यांना साधारण ३० दिवसांत तपासून उत्तर द्यावं लागतं. याला पैसे पडत नाहीत.

पैसे घेऊन "स्कोर दुरुस्त करून देतो" म्हणणारे भेटतील. त्यांत आपलेही आहेत, गणपतीच्या कार्यक्रमात कार्ड वाटत फिरतात. काम व्हायच्या आधी पैसे मागणं इथल्या कायद्यात बसत नाही आणि खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही. गावचा आहे म्हणून विश्वास ठेवायचा असेल तर त्याला जेवायला बोलवा, सोशल सिक्युरिटी नंबर देऊ नका.

आता कलेक्शन. जुळे सोलापूरचा एक पोरगा, हुशार, नोकरी लागल्यावर दुसऱ्या राज्यात गेला. घर सोडताना विजेचं खातं बंद केलं, चावी दिली, निघाला. शेवटचं बिल जुन्या पत्त्यावर गेलं. रक्कम दीडशे डॉलरच्या आसपास. पुढची स्मरणपत्रंही तिकडंच गेली. शेवटी कंपनीनं ते वसुली एजन्सीकडं दिलं आणि याला कळलं ते गाडीचं कर्ज मागायला गेल्यावर. पैसे खात्यात होते, द्यायची तयारी होती, फक्त कागद पोचला नाही. अशी नोंद ७ वर्षं राहते. पैसे भरले तरी ती रिपोर्टवरून लगेच जात नाही. नवीन पद्धतीचे स्कोर भरलेलं कलेक्शन धरत नाहीत, पण जुन्या पद्धतीचे धरतात, आणि बऱ्याच बँका अजून जुनेच वापरतात.

म्हणून घर बदललं की पोस्टात पत्ता बदला. वीज, गॅस, इंटरनेट, दवाखाना, बँक, सगळीकडं पत्ता बदला. घर सोडल्यावर महिन्याभरानं प्रत्येक कंपनीला स्वतः फोन करून "माझं काही बाकी आहे का?" विचारा. हे मी प्रत्येकाला सांगतो, प्रत्येक जण मान डोलावतो आणि तरी दरवर्षी कुणीतरी यात सापडतोच.

वसुलीवाल्याचा फोन आला तर घाबरून तिथंच बँकेचा नंबर सांगू नका. सगळं लेखी मागा. त्यांची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत हिशेबाला लेखी हरकत घेता येते. देणं खरं असेल तर भरा आणि पावती जपून ठेवा.

कार्डाचं म्हणाल, तर दहा ठिकाणी अर्ज टाकायचे नाहीत. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर २ वर्षं दिसते. आधी कंपनीच्या साइटवर 'प्रीक्वालिफाय' करून, म्हणजे कार्ड मिळण्यासारखं आहे का ते अर्जाआधीच बघा, त्यानं स्कोर हलत नाही. तुमच्यासारख्यांसाठी सिक्युअर्ड कार्ड असतं. बहुतेक ठिकाणी किमान २०० डॉलर डिपॉझिट ठेवायचं, तेवढीच लिमिट मिळते. गावाकडं एफडीवर कार्ड देतात, तसाच प्रकार. वार्षिक फी नसलेलं घ्या आणि ते तिन्ही ब्युरोंना कळवतात का ते विचारा. नोकरीच्या किंवा युनिव्हर्सिटीच्या क्रेडिट युनियनमध्येही (सभासदांची पतसंस्था) चौकशी करा. डिपॉझिट न मागता "खराब क्रेडिट चालेल" म्हणणारी कार्डं सोडून द्या. पहिल्या वर्षात लिमिटच्या २५ टक्क्यांपर्यंत फी लावायची मुभा त्यांना कायद्यानंच आहे, म्हणजे ३०० च्या लिमिटमधले ७५ त्यांचे.

कार्ड आलं की त्यावर फक्त फोनचं बिल लावा. २०० च्या लिमिटवर १५० चा किराणा भरला तर कागदावर तुम्ही गळ्यापर्यंत बुडालेले दिसता, मग महिनाअखेरीस पूर्ण भरले तरी. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवा, १० च्या आत असेल तर उत्तम. ऑटोपे लावताना 'मिनिमम' नव्हे, 'स्टेटमेंट बॅलन्स' (महिन्याचं पूर्ण बिल) निवडा. मिनिमम भरून व्याज वाढवत बसणारे बरेच आयफोनवाले मला माहीत आहेत. आणि जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला गावी जाताना ज्या खात्यातून पैसे कापले जातात ते रिकामं करून जाऊ नका. ३० दिवस थकलं की ब्युरोला कळवतात.

स्वतःचं कार्ड मित्राला वापरायला देऊ नका. याच्यावर मी चर्चा करत नाही.

शेवटचं, आणि हे कार्डाबद्दल नाही. काही पोरं म्हणतात, शैक्षणिक कर्जाचे हप्ते थोडे थांबवू, तिकडचा सिबिल इथं कोण बघतंय? इथली बँक बहुधा बघणार नाही, खरं आहे. पण त्या कर्जावर तुमचे वडील सहकर्जदार आहेत. हप्ता चुकला की त्यांचाही सिबिल पडतो. ७.५ लाखांच्या वरच्या कर्जाला सहसा तारण लागतं, म्हणजे बहुतेक वेळा राहतं घर नाहीतर प्लॉट. ज्या माणसानं नवी पेठेत कधी शर्टाचीही उधारी ठेवली नाही, त्याच्या दारात बँकेचा माणूस जातो. आणि वडील तुम्हाला फोनवर सांगतही नाहीत, "सगळं ठीक आहे" म्हणतात. म्हणून तुम्हीच दर महिन्याला कर्जखात्याचं स्टेटमेंट मागवा. कोर्स संपल्यावर बँकेप्रमाणं साधारण सहा महिन्यांनी ते वर्षभरानं हप्ते सुरू होतात. ती तारीख बँकेकडून आत्ताच लिहून घ्या. नोकरी लागायला उशीर होतोय असं दिसलं, तर हप्ता चुकायच्या आधी शाखेत अर्ज द्या.

सिक्युअर्ड कार्ड सात-आठ महिने नीट चाललं की कंपनीला साधं कार्ड करून द्यायला सांगा. केलं तर डिपॉझिट परत येतं. नाही म्हणाले तर अजून काही महिने तेच चालवा आणि पुन्हा विचारा.